विमान गाठायचं सोलापूरहून

सोलापुरात ज्या घरातलं मूल परदेशी आहे, त्या घरात तिकीट आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "विमान कुठून आहे?" उत्तर मुंबई, पुणे किंवा हैदराबाद यांपैकी एक असतं. बहुतेक वेळा ते तिकडे बसलेल्या मुलाने, जिथून स्वस्त मिळालं तिथून, परस्पर ठरवलेलं असतं. माझं सांगणं आहे की तिकीट काढण्याआधी एक फोन सोलापूरला व्हावा. तिकिटात वाचलेले पैसे वाटेतली टॅक्सी, हॉटेलची एक रात्र आणि हमालीत केव्हाच निघून जातात. शिवाय सत्तरीच्या आई-वडिलांचे गुडघे त्या हिशेबात कुठेच धरलेले नसतात.

विमानतळ निवडताना मी एकच गोष्ट मोजायला सांगेन : घराच्या उंबऱ्यापासून विमानाच्या दारापर्यंत सामान किती वेळा उचलावं लागणार आहे? रिक्षातून फलाटावर, फलाटावरून डब्यात, डब्यातून खाली, पुन्हा टॅक्सीत. जिथे ही उचलाठेव सगळ्यात कमी, तो विमानतळ तुमचा. अंतर त्याच्यानंतर आणि भाडं सगळ्यात शेवटी.

आता सोलापूरचा स्वतःचा विमानतळ आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. होटगी रोडवरचा विमानतळ सुरू व्हावा म्हणून या शहराने फार वाट पाहिली. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्घाटन झालं, ९ जून २०२५ पासून फ्लाय ९१ ची गोवा सेवा सुरू झाली आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरची मुंबई सेवा. गोव्याला किंवा मुंबईला कामासाठी जाणाऱ्याने ही सेवा जरूर वापरावी. घरातून निघून अर्ध्या तासात विमानतळावर पोचणं ही सोलापूरकरासाठी साधी गोष्ट नाही, आणि विमानं भरून गेली तरच ती टिकतील.

पण पुढे परदेशाचं विमान असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. पहिली वजनाची. देशांतर्गत विमानात पोटातल्या सामानाला साधारण १५ किलोची मुभा असते आणि अमेरिकेच्या तिकिटावर बऱ्याचदा २३ किलोच्या दोन बॅगा. म्हणजे सोलापूर-मुंबई या तासाभराच्या प्रवासात ३१ किलोचं जादा भाडं भरावं लागणार. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर पहिलं विमान उशिरा पोचलं किंवा रद्द झालं तरी दुसरी कंपनी तुमच्यासाठी जबाबदार राहत नाही. मुंबईत सामान पट्ट्यावरून स्वतः घ्यायचं, आंतरराष्ट्रीय काउंटरवर पुन्हा द्यायचं. छोट्या शहराच्या विमानसेवेचे वार आणि वेळा मोसमागणिक बदलतात. त्यामुळे अशी जोडणी करायचीच तर मध्ये पुरा दिवस ठेवा.

हैदराबादचा विचार सोलापुरात पूर्व भागातली मंडळी सहज करतात, कारण त्यांचे सगेसोयरे तिकडे आहेत. बाकीच्यांनीही तो करावा. राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी करत सरळ जातो. पटनचेरूच्या आसपास आउटर रिंग रोडला लागलं की शहराच्या गर्दीत न शिरता शमशाबाद गाठता येतं. साधारण सहा तासांची गाडी धरा. राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाला. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी एकाच इमारतीतून जातात, त्यामुळे चुकीच्या टर्मिनलला उतरण्याची भीती नाही. सामान सोलापुरात घरासमोर डिकीत ठेवलं की थेट विमानतळाच्या ट्रॉलीवरच उतरतं. आखाती देशांतून पुढे जाणारी विमानंही इथून मिळतात. रेल्वेने जाणार असाल आणि गाडी लिंगमपल्लीला थांबत असेल, तर तिथेच उतरून टॅक्सी करा. शहराच्या मध्यापर्यंत जाऊन परत फिरण्याची गरज नाही.

पुण्याचं लोहगाव देशांतर्गत प्रवासासाठी उत्तम. दिल्ली, कोलकाता, चेन्नई कुठेही जायचं तर मुंबईपर्यंत जाऊ नका. परदेशी विमानं मात्र दुबईसारख्या मोजक्याच ठिकाणांची. सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूरहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस साडेदहाच्या आसपास पुण्याला पोचवते. स्टेशनहून विमानतळ आठ-दहा किलोमीटर. त्यामुळे दुपारी दोननंतरचं कोणतंही विमान तिने गाठता येतं. हलकं सामान असेल तर स्टेशनवरूनच मेट्रोने रामवाडीपर्यंत जा आणि तिथून रिक्षा करा. दोन मोठ्या बॅगा असतील तर हा मोह नको, सरळ कॅब घ्या.

या वाटेवर एक गोष्ट सोलापूरकराने लक्षात ठेवावी. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. पुणे स्टेशनहून लोहगावला जाणारा रस्ता त्याच येरवड्यातून जातो. नातवंडं शेजारी बसलेली असतील तर टॅक्सी तिथून जाताना त्यांना हे सांगा.

स्वतःच्या गाडीने पुण्याला जाणाऱ्यांनी हडपसरच्या कोंडीचा हिशेब ठेवावा. मगरपट्ट्याकडून मुंढवा, खराडी करत विमाननगरला निघणं बरं. संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात तर थेऊर फाट्यावरूनच आत वळून केसनंद, वाघोलीमार्गे नगर रस्त्याला लागणं कधीकधी लवकरचं पडतं. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टीचे फोटो काढू नका. नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून वापरात आहे. निघताना कॅबवाल्याला कोणतं टर्मिनल ते तिकिटावर पाहून सांगा.

आता मुंबई. बहुतेकांची वाट अखेर तिकडेच जाते आणि बहुतेक घोळही तिथेच होतात.

सोलापूरहून मुंबईला जायला माझ्या मते दोन गाड्या धरून चालावं. रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते. पहाटे सहाच्या सुमारास निघणारी वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते आहे आणि साडेबाराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) पोचते. सोलापूरहून ती गुरुवारी नसते, हे तारीख ठरवतानाच पाहा. वयस्कर माणसांना बसून सहा-साडेसहा तास कठीण जातात, त्यांना सिद्धेश्वरचा खालचा बर्थ बरा. ज्यांना रात्री गाडीत झोप लागत नाही, त्यांनी वंदे भारत घ्यावी.

उतरायचं कुठे, यावर थोडा विचार करा. सवयीने सगळे दादरला उतरतात. मुंबई मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, आणि आता दादर व सीएसएमटी या दोन्ही ठिकाणांहून भुयारी मेट्रोने थेट विमानतळ गाठता येतो. पण दादरचं मेट्रो स्टेशन पश्चिमेला आहे आणि तुमची गाडी लागते मध्य रेल्वेच्या फलाटावर. मधला पूल, जिना, फुलबाजाराची गर्दी हे सगळं बॅगा ओढत पार करावं लागतं. मेट्रोने जायचंच असेल तर दादरला न उतरता सीएसएमटीपर्यंत या. तिथेही मेल-एक्स्प्रेसच्या फलाटांवरून दर्शनी बाजूला यायला बरंच चालावं लागतं, पण चाकाची बॅग ओढता येते. पूर्ण मार्गिकेचं भाडंदेखील ७० रुपयांच्या वर जात नाही. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची सुटते. भुयारात फोनला रेंज असेलच असं धरू नका. ई-तिकीट, पासपोर्टचा फोटो आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक छापील प्रत खिशात असू द्या.

विमानतळाची दोन मेट्रो स्टेशनं आहेत, टर्मिनल १ चं वेगळं आणि टर्मिनल २ चं वेगळं. दोन्हींच्या मध्ये सहार रोड नावाचं तिसरंच स्टेशन येतं. टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, तिथून फक्त देशांतर्गत विमानं. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला सहारला, तिथून सगळी परदेशी आणि काही देशांतर्गत. परदेशी जाणाऱ्याला टर्मिनल २ च. देशात जाणाऱ्याने तिकिटावरचा आकडा पाहावा, कारण एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटू शकतात.

दोन जड बॅगा असतील तर मात्र मेट्रोचा विचार सोडा आणि टॅक्सी करा. दादरला किंवा सीएसएमटीला रिक्षा मिळणार नाही. मुंबईत रिक्षा शीव आणि वांद्र्याच्या पलीकडेच. म्हणून सोलापूरवरून जाणारी एखादी गाडी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जात असेल आणि वेळ जुळत असेल, तर ती आधी पाहा. तिथून सहार दादरपेक्षा जवळ आहे.

आणखी एक नवी काळजी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत. तो उलव्याला, पनवेलच्या बाजूला आहे. सहारपासून तो इतका दूर आहे की चुकीच्या जागी पोचलात तर विमान गेलंच समजा. तिकिटावर नुसतं मुंबई पाहून निघू नका. तीन अक्षरी खूण पाहा : बीओएम असेल तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. सोलापूरहून रस्त्याने जाणाऱ्यांना नवी मुंबई खरं तर सोयीची, कारण द्रुतगती मार्ग उतरला की पनवेल लागतं आणि शहराची कोंडी लागतच नाही.

तारखेचा घोळ मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात सुशिक्षित माणसंही फसतात. अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा तिकिटावर १५ तारीख आणि ०१:४० अशी वेळ आहे. आपल्या बोलण्यात ती १४ तारखेची रात्र असते. म्हणजे विमानतळावर १४ तारखेला रात्री साडेनऊ-दहाला पोचायला हवं, आणि १५ ला सकाळी सोलापूरहून निघणारा माणूस पुरा एक दिवस चुकला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १५ तारखेवर विमानाचं चित्र काढू नका. १४ च्या चौकोनात "रात्री ९:३०, सहार" असं लिहा आणि तिथून मागे मोजत या. १४ ची वंदे भारत दुपारी पोचवेल आणि हातात आठ-नऊ तास राहतील. १३ च्या रात्रीची सिद्धेश्वर घेतलीत तर नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात दिवसभर आराम होईल. यात जास्तीचे वाटणारे तास फुकट जात नाहीत. गाडी तीन तास रखडली तरी घाबरायची वेळ येत नाही, ती त्या तासांमुळे.

जुलै-ऑगस्टमध्ये तर एक दिवस आधीच निघा. कर्जत-लोणावळा घाटात दरड आली की गाड्या पुण्याला थांबवतात किंवा वळवतात, आणि रस्त्यानेही तीच तऱ्हा. ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या वाटेने पुणे-सोलापूर रस्त्यावर असते, तेव्हा वाहतूक वळवलेली असते. वारीच्या आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत रेल्वेचं आरक्षण लवकर संपतं. परदेशीचं तिकीट पक्कं झालं की त्याच दिवशी रेल्वेचंही काढा.

नावाबद्दल एक सूचना. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहितो. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू आडनावं रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, असं घराघरात आहे. विमानाचं तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षर अन् अक्षर तसंच उतरवा. प्रवेशद्वारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र शेजारी शेजारी धरून पाहतो. तिथे "हे घरचं नाव आहे हो" असं सांगून उपयोग नसतो. फरक दिसला तर आठवडाभर आधी कंपनीला फोन करून दुरुस्त करून घ्या.

बॅग भरणं हा सोलापुरी घरातला सोहळाच असतो. खाली दोन सोलापुरी चादरी, त्यांच्या घडीत शेंगा चटणीच्या पिशव्या, वर मेतकूट, कुरडया, बाळाची झबली. आई बॅगेवर बसते आणि मुलगा चेन ओढतो. बॅग बंद झाली म्हणजे ती चालेल असं नाही. दीडदोनशे रुपयांत हुकाचा काटा मिळतो, तो आणा आणि प्रत्येक बॅग उचलून बघा. २३ किलोची मर्यादा असेल तर २२ ला थांबा. चादरी वजनाला भारी असतात. दोन नेण्याऐवजी एक न्या, दुसरी पुढच्या वेळी.

कडक भाकरी मात्र हातातल्या बॅगेत, गोल स्टीलच्या डब्यात ठेवा. पोटातल्या बॅगेत तिचा चुरा होतो. शेंगा चटणी, लोणचं, तूप पोटातल्या बॅगेत, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठेच नकोत, हातातही नाही आणि पोटातही नाही. त्यात तेल जास्त असल्याने ते पेट घेऊ शकतं, म्हणून मनाई आहे. कापूर आणि काडेपेटीचंही तेच. आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आणि आजीची कात्री हातातल्या पिशवीतून काढून बॅगेत टाका. पॉवर बँक उलट हातातल्या बॅगेतच हवी. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट जवळ ठेवा. अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं काय आणलंय असं विचारलं तर खरं सांगा. चटणी-भाकरीला सहसा हरकत नसते, न सांगितल्याला असते. ताजी फळं, बियाणं, कढीपत्त्याच्या जुड्या नेऊच नका.

निरोप सोलापूर स्टेशनवरच द्या, असं मी आग्रहाने सांगेन. जीप भरून मंडळी मुंबईला जातात, टर्मिनलसमोर गाडी दोन मिनिटंही उभी करू देत नाहीत, आणि आत फक्त प्रवाशालाच सोडतात. मग रडायला आणि पाया पडायलाही वेळ मिळत नाही. त्यापेक्षा फलाट क्रमांक एकवर सगळ्यांनी मनसोक्त भेटा. पुढे सामान उचलणारा, फोन लावता येणारा एकच तरुण माणूस सोबत जाऊ द्या.

आई-वडील पहिल्यांदाच एकटे जात असतील आणि चालण्याचा त्रास असेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा खात्री करा. टर्मिनलच्या काउंटरवरून एक माणूस त्यांना सिक्युरिटी, इमिग्रेशन करत गेटपर्यंत नेतो. मध्ये दोहा किंवा दुबईला विमान बदलायचं असेल तर तिथेही. एका जाड कागदावर इंग्रजीत विमानाचे क्रमांक, मुलाचा पत्ता आणि फोन, आजार, औषधं लिहून तो आईच्या पर्समध्ये ठेवा. भाषा अडली की हा कागद पुढे करायचा, हे घरी दोनदा समजावून सांगा.

आंतरराष्ट्रीय काउंटर विमान सुटण्याच्या एक ते सव्वा तास आधी बंद होतं, देशांतर्गत साधारण तासभर आधी. गेट विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. काउंटरवर बॅगा दिल्यावर मिळणारी चिकटपट्टीची पावती बोर्डिंग पासला चिकटवून ठेवा. बोर्डिंग पासवर गेटचा आकडा असतो, पण तो बदलू शकतो. आत गेल्यावर फलकावर पुन्हा पाहा. आधी गेट शोधा, मग चहा.

परतीचं नियोजन बहुतेक जण करतच नाहीत. रात्री दोन-तीनला विमान उतरतं, बॅगा हातात यायला तास-दीड तास जातो आणि मग "आता काय?" असा प्रश्न पडतो. सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीहून निघणारी उद्यान एक्स्प्रेस दुपारी सोलापूरला पोचवते. दुपारी चारनंतर वंदे भारत असते, बुधवार सोडून. रात्री सिद्धेश्वर. रात्री उतरणाऱ्याने उद्यानचं आरक्षण आधीच करून ठेवावं, उजाडेपर्यंत टर्मिनलमध्येच बसावं आणि मग टॅक्सीने स्टेशन गाठावं. पुण्याला उतरणार असाल तर कॅब टर्मिनलच्या दारात येत नाही. समोरच्या एरोमॉलमध्ये जाऊन ती घ्यावी लागते. संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटणारी हुतात्मा गाठायची तर विमान दुपारी तीनच्या आत उतरणारं निवडा.